आमच्या घरातले बाँड

आमच्या रिद्धपूरच्या घरात राजकारणावरून भांडण होत नाही, क्रिकेटवरून फारसं होत नाही. होतं ते जेम्स बाँडवरून. ईदचा पहिला दिवस गाठीभेटींत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी शीरखुर्म्याचं पातेलं तळाला लागतं, बाहेरगावाहून आलेली भावंडं सतरंजीवर आडवी होतात आणि कोणीतरी काडी टाकतं: खरा बाँड कोण?

चाचांचा बाँड रॉजर मूर. कारण सरळ आहे. १९८३ चा 'ऑक्टोपसी' आपल्या उदयपुरात, तळ्यातल्या महालात चित्रित झाला. त्यात विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतो आणि कबीर बेदी पगडी बांधून मूरच्या मागे लागतो. चाचांनी हा सिनेमा भाड्याच्या व्हीसीआरवर एका रात्रीत दोनदा पाहिला, कारण सकाळी यंत्र परत करायचं होतं. त्यांचं म्हणणं, जो आपल्या देशात आला तोच आपला. भाईजान शॉन कॉनरीचे. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून बाँडची चाल त्यानेच घालून दिली, बाकीचे त्याच वाटेने चालले, असं ते म्हणतात. मूर शेवटच्या बाँडपटाच्या वेळी ५७ वर्षांचा होता, हे तर ते दरवर्षी काढतात. त्या वयात माणसाने नातवंडं खेळवावीत, आयफेल टॉवरच्या पायऱ्या चढत पळू नये! त्यावर चाचांचं उत्तर तयार असतं. कॉनरीनेही 'पुन्हा नाही' म्हटलं होतं, तरी त्याच १९८३ साली 'नेव्हर से नेव्हर अगेन' करायला तो परत आलाच ना?

एकच सिनेमा करून गेलेल्या लेझनबीची आणि दोन करणाऱ्या डाल्टनची बाजू आमच्याकडे कोणी घेत नाही. ब्रॉस्ननला अम्मीचं एक मत आहे, ते केसांमुळे. मुलं डॅनियल क्रेगची. त्याला मार लागतो, रक्त येतं, दुखलेलं चेहऱ्यावर दिसतं. आम्हाला हे मनातून पटतं, पण चाचांपुढे बोलत नाही.

मोठे अब्बांना या गोऱ्यांशी देणंघेणं नाही. त्यांचा हेर १९६७ च्या 'फर्ज'मधला एजंट ११६, म्हणजे जितेंद्र. गिरगावच्या चाळीत वाढलेला पोरगा पांढरे बूट घालून देश वाचवतो, याचं त्यांना आजही कौतुक आहे. त्याच दिग्दर्शकाने, रविकांत नगाइच यांनी, पुढे १९७९ च्या 'सुरक्षा'त मिथुनला गनमास्टर जी-९ केलं. ते मात्र मोठे अब्बांना मंजूर नाही. हेराने इतकं नाचू नये, म्हणतात. जितेंद्र काय कमी नाचला, हे विचारायची हिंमत कोणात नाही.

गेल्या वर्षी या मैफलीत घरातली थोरली मुलगी बोलली. तिची बारावी नुकतीच झाली होती. ती म्हणाली, "तुमच्यापैकी एकाचाही हेर हेर नाही. खोलीत शिरल्याबरोबर जो स्वतःचं नाव दोनदा सांगतो, तो कसला हेर? आणि पांढरे बूट?" मग तिने तिचं नाव पुढे केलं: राधिका आपटे. २०१९ च्या 'अ कॉल टू स्पाय' या सिनेमात पुण्यात वाढलेल्या या मुलीने नूर इनायत खानचं काम केलं आहे.

नूर कोण, हे निम्म्या घराला माहीत नव्हतं. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, वीणा वाजवणारे सूफी, टिपू सुलतानच्या वंशातले. आई अमेरिकन. नूरचा जन्म १९१४ चा, मॉस्कोतला. वाढली पॅरिसजवळ, मुलांसाठी गोष्टी लिहायची. ती तेरा वर्षांची असताना वडील गेले आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्यावर आली. महायुद्धात इंग्लंडला जाऊन ती वायरलेस शिकली. प्रशिक्षणाच्या अहवालात, ही मुलगी या कामाला योग्य आहे का, अशी शंका नोंदवली गेली. तरी जून १९४३ मध्ये तिला फ्रान्समध्ये उतरवलं. काही दिवसांतच तिच्या गटातली बहुतेक माणसं पकडली गेली. लंडनहून परत ये असा निरोप आला, तो तिने मानला नाही. बॅगेतलं यंत्र घेऊन ती जागा बदलत राहिली आणि संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात कोणीतरी दगा दिला. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती तीस वर्षांची होती.

सतरंजीवर उठून बसायला लागलं. चाचा म्हणाले, "पण केलं तर इंग्रजांसाठीच ना?" पोरीकडे उत्तर होतं. श्राबणी बसूंनी लिहिलेल्या चरित्रात आहे की, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूची आहे हे नूरने मुलाखत घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांपासूनही लपवलं नव्हतं. भाईजानांनी चूक काढली: पाठवलेले संदेश तिने वहीत उतरवून ठेवले, ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि त्यांनी लंडनला फसवलं. हेही खरं होतं, पोरीने नाकारलं नाही.

मग फोनवरच सिनेमाचा काही भाग पाहिला. भाईजान म्हणाले, "ही घाबरलेली दिसते." पोरगी म्हणाली, "घाबरलेलीच दिसायला पाहिजे. घाबरून थांबली, पळाली नाही." इतक्या वर्षांच्या वादात अभिनयावर कोणी बोललं असेल तर ते हेच. आमचं मत त्या दिवशी फिरलं.

मोठे अब्बांनी गावाची बाजू सोडली नाही. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, बाहेरच्याला शतकानुशतकं अक्षर लागलं नाही. हेरगिरी रिद्धपुराला कोण शिकवणार! पोरीने तोच धागा पकडला. सांकेतिक संदेश, वायरलेस, हेच तिला शिकायचं होतं. अमरावतीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स होतं, पण वसतिगृहात राहावं लागणार होतं. फॉर्म आठवडाभर कपाटावर पडून होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं.

एकदम शांतता झाली. थोड्या वेळापूर्वी एकटा बाँड शत्रूच्या गोटात शिरला म्हणून मांडीवर थाप मारणारी हीच माणसं. चाचा म्हणाले, आता गावातच मराठी भाषा विद्यापीठ झालंय. पोरगी म्हणाली, तिथं भाषा शिकवतात चाचा, सर्किट नाही. अम्मी आतून म्हणाली, "नूरच्या बापाने तरी कुठे परवानगी दिली होती?" मोठे अब्बा म्हणाले, "तो हयात नव्हता." अम्मी म्हणाली, "तेच म्हणते. आपण आहोत."

मोठे अब्बांनी चष्मा मागवला. फॉर्मच्या मागचे नियम बोट फिरवत वाचले, गेट किती वाजता बंद होतं ते दोनदा पाहिलं. मग मेसमध्ये जेवणाचं काय, ते विचारलं.

"वरण-भात, पोळी-भाजी."

"रोज?"

"रविवारी अंडं."

त्यांनी सही केली. चाचांनी अट घातली की, पहिल्या दिवशी पोरीला एसटीने पाठवायचं नाही, ते स्वतः पोहोचवायला जातील. गेलेही. वसतिगृहाच्या बाहेर चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत बसून होते, हे त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही. पोरीने खिडकीतून पाहिलं होतं.