डबीतला आवाज
लॅपटॉप घरीच जुळवायचा, असे मी जाहीर करताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आधी मोरीतला नळ बघा!" तरी लॅमिंग्टन रोडवरून जुना सांगाडा नि सुटे भाग आणले. रॅम बसवली, स्क्रू पिळले, एक उरला. यंत्र मात्र चालले!

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली. तीत आईचा आवाज होता. अन् डबी माझ्याच हातून पडली! मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे टोक केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. बंद होती म्हणून वाचली.

वायर जोडली. आई म्हणाली, "सूनबाई, भाजणी मंद आचेवर हं!"

स्वयंपाकघरातून चटकन उत्तर आले, "हो, आई!"

त्याच संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढून ती बहिणीकडे सांगलीला धाडली.