डिस्टिल्ड वॉटर

परवा शिरपूरला घरी गेलो होतो. मे महिना, त्यात लाईट गेलेली. बाबा जिन्याखाली वाकून इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरत होते. वय ७१. "राहू द्या, मी करतो," म्हटलं, तर म्हणाले, "तू येणार दिवाळीला, ही तहानते दर महिन्याला!"

गप्प बसलो.

परतताना बसमध्ये डॉ. सतीशचंद्र ओगले आठवले. पुण्याच्या 'आयसर'मध्ये सोडियम-आयन बॅटरीवर काम केलेले शास्त्रज्ञ. 'आयसर'च्या साथीने विकसित झालेलं हे तंत्रज्ञान 'केपीआयटी'ने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. लिथियम बाहेरून आणावं लागतं, सोडियम तर मिठातच आहे. तेवढ्याच विजेसाठी ही बॅटरी लिथियमपेक्षा जड होते खरी, पण जिन्याखालच्या बॅटरीला कुठे चालायचंय? आणि मुख्य म्हणजे ती पाणी मागत नाही.

शास्त्रज्ञाचं काम आपण सायटेशन्सवर मोजतो, आमच्याकडे कोडच्या ओळी मोजतात तसं :) माझं माप साधं आहे.. बाबांना वाकावं लागतं की नाही?

अजून लागतंय. असो. तोवर पुढच्या महिन्याची रजा टाकलीये.