उतारावरचा प्लॉट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई कुरआन शरीफ, रेशनकार्ड आणि शिलाई मशीनचं डोकं घेऊन पोटमाळ्यावर चढल्या होत्या. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्याही वर गेली. शुक्रवार पेठेकडून नदीकडे उतरणारी आमची गल्ली. सदर बाजारात नणंदेच्या घरी दहा दिवस काढून परतलो, तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, रेघ आणखी चार बोटं वर. त्या वेळी ह्यांनी ठरवलं, आता उंचावर जायचं.

उंचावर म्हणजे शहराच्या दक्षिणेला, पाचगाव-मोरेवाडीच्या बाजूला. सपाट प्लॉट आमच्या आवाक्यात नव्हते. बँकेचं कर्ज काढायचं नाही, हे घरात आधीपासून ठरलेलं होतं. व्याजाचा पैसा अब्बांनी आयुष्यभर घरात येऊ दिला नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो, ते गेल्यावर त्यांचा शब्द मोडायला कुणीच तयार नव्हतं. जुनं घर विकून आलेले पैसे आणि माझे थोडे दागिने, एवढंच भांडवल. त्यात बसला तो हा ४० बाय ६० चा प्लॉट. रस्ता वर, पूर्वेला. जमीन मागे पश्चिमेकडे घसरत गेलेली. आमच्याआधी आलेली गिऱ्हाइकं रस्त्यावर उभी राहून खाली बघायची आणि मोटारसायकल वळवून जायची, असं एजंटानंच पुढं आम्हाला सांगितलं.

घसरण किती, ते आमच्या गवंड्यानं पाण्याच्या नळीनं मोजून दिलं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक रस्त्यापाशी, दुसरं मागच्या खुंटीपाशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबलं की फरक मोजायचा. निघाला ९ फूट. साठ फुटांत नऊ फूट! वरून बघताना तो एवढा वाटत नव्हता.

पहिला प्लॅन आला तो सपाट जागेचा. पुढं दिवाणखाना, मागं स्वयंपाकघर, दोन खोल्या, आणि उतार? त्यावर भराव घालून घ्या, असं सांगणं. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सरासरी साडेचार फूट भराव, गुणिले २४०० चौरस फूट, म्हणजे १०,८०० घनफूट, १०८ ब्रास मुरूम. दोन ब्रासचा टिपर धरला तर ५४ खेपा. आणि एवढं घालून तो भराव अडवायला मागच्या बाजूला नऊ फुटी भिंत बांधायची ती वेगळीच. शिवाय घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर बसला, तर भराव पुढं दबतो आणि बरोबर त्या सांध्यावर भिंत चिरते. भरावावर पाया घेताच येत नाही. खड्डा भरावातून खाली मूळच्या कडक मुरमापर्यंत न्यावाच लागतो. म्हणजे आधी माती आणून टाकायची, आणि मग तीच पुन्हा उकरायची.

दुसऱ्या इंजिनिअरनं उताराला धरून प्लॅन काढला. रस्त्याच्या पातळीवर दिवाणखाना, नऊ पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, आणखी नऊ पायऱ्या उतरून झोपायच्या खोल्या. कागदावर इतका देखणा, की ह्यांनी तिथंच होकार दिला. पन्हाळ्याची अंधार बाव आम्ही कितीदा तरी पाहिलीय. आदिलशाहीतलं ते तीन मजली बांधकाम, वर बसायची जागा, तळाशी विहीर, मधे जिने. हे म्हणाले, तसंच आपलं घर, उताराबरोबर उतरत जाणारं.

मी त्या रात्री अम्मींच्या दिवसभराच्या फेऱ्या मोजल्या. फजरला उठून वजू, नमाज, मग चहा, दुपारी पडायला खोलीत, असरनंतर पुढं ओट्यावर, कारण गल्लीतल्या बायका ओट्यावरच भेटतात. ह्या प्लॅनमध्ये नुसत्या ओट्यावरून पलंगापर्यंत जायला अठरा पायऱ्या. रमजानात सहरीला उठायचं तर झोपमोडीच्या डोळ्यांनी नऊ पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखतात म्हणून त्या तेव्हाच खुर्चीवर बसून नमाज पढायला लागल्या होत्या. अशा घरात काय झालं असतं, तर त्या खालच्या खोलीतच राहिल्या असत्या, ताट आपण खाली नेऊन दिलं असतं, आणि महिन्याभरात सगळ्यांना त्याची सवय झाली असती. अंधार बावेत म्हातारी माणसं राहत नव्हती, एवढंच मी ह्यांना म्हटलं. दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी हे स्वतःच अम्मींना रिक्षातून प्लॉटवर घेऊन गेले. गवंड्यानं फक्की मारून खोल्या आखल्या, अम्मींसाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. त्यांनी फक्कीच्या रेघांकडे फारसं पाहिलंच नाही. मागच्या कडेला बोट दाखवून विचारलं, “पावसाचं पाणी कुठं जाणार?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मागं खालच्या अंगाला एक जुनं बैठं घर. त्यातले काका-काकू दोघंच. उताराचं पाणी जाणार ते त्यांच्याच अंगणात.

मग ठरलेला प्लॅन असा. अम्मींना लागतं ते सगळं रस्त्याच्या पातळीवर: ओटा, बसायची खोली, स्वयंपाकघर, त्यांची खोली आणि त्याला लागून न्हाणीघर-संडास. घराची फरशी रस्त्यापेक्षा एक फूट उंच. पायरी नको म्हणून उतरण केली. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, आणि पुढची मोकळी जागा बरोबर बारा फुटांचीच होती. मागच्या टोकाला फरशी जमिनीपासून जवळजवळ आठ फुटांवर गेली. खाली आणखी दोन फूट मुरूम काढला की दोन खोल्यांची उंची मिळते. त्या खोल्या आत्ता बांधायच्या नाहीत, नुसते कॉलम उभे ठेवायचे. पैसे जमतील तसं खालचं घर, मुलांसाठी. सपाट जागेवर घर वाढवायचं तर छपरावर चढावं लागतं. आमचं खाली वाढणार.

कॉलमबाबत मात्र इंजिनिअर हट्टाला पेटला. उतारावर पुढचे कॉलम आखूड, मागचे लांब. भूकंपाचा धक्का आला की आखूड, ताठ कॉलम जास्त ताण खातात आणि आधी तडकतात, म्हणून सगळे एकमेकांना बीमनं बांधायचे, लोखंडही वाढवायचं. ह्यांना तो खर्च फुकटचा वाटत होता. अम्मींचं माहेर पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. रमजान चालू होता, पहाटेची सहरीची वेळ. चूल पेटलेली, घर जागं, म्हणून सगळे बाहेर धावू शकले, असं त्या सांगतात. त्यांनी आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. बीम झाले.

संडासाच्या भांड्याची दिशा प्लॅनमध्ये तशीच राहिली होती, पश्चिमेकडे तोंड. कोल्हापुरातून किब्ला पश्चिमेपासून साधारण १४ अंश उत्तरेकडे येतो. किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ नको, म्हणून भांडी उत्तर-दक्षिण फिरवली. भिंतीतला पाईप त्यामुळं बदलला, गवंडी जरा कुरकुरला. अम्मींच्या खोलीत भिंतीला समांतर जानमाज टाकली तर दिशा चुकते. म्हणून फरशीतच कडप्प्याची एक बारीक तिरकी पट्टी बसवली. घर बघायला येणारे विचारतात, फरशी वाकडी का बसली?

आता चूक सांगते, ती आमचीच. मागच्या बाजूचा काढलेला मुरूम आम्ही तिथंच कडेला ढीग करून ठेवला होता. पुढच्या मोकळ्या जागेत तो लागणार होता, पण टिपरची खेप वाचवायला म्हटलं, राहू दे पंधरा दिवस. मृगाचा पहिलाच पाऊस रात्रभर झाला. सकाळी जाऊन पाहते तर ढिगाचा निम्मा भाग खाली काकूंच्या अंगणात. तुळशीकट्ट्याभोवती, धुण्याच्या दगडावर, उंबऱ्यापर्यंत लाल राड. काकू झाडू घेऊन उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीवरची चिखलाची रेघ मला आठवली. दोन पुरांत आम्ही खालच्या अंगाला होतो आणि वरून कुणी पाणी सोडलं म्हणून धरणवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. आता वर आम्ही होतो.

हे, थोरला मुलगा आणि मी, फावडी-घमेली घेऊन दुपारपर्यंत अंगण काढत बसलो. अम्मी रिक्षा करून आल्या आणि काकूंपाशी उंबऱ्यावर जाऊन बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही.

मदिनेच्या हर्रा भागातल्या पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्याचा तंटा पैगंबरांपुढे (स.) आला होता, ती हदीस त्या रात्री मला आठवली. जुबैर यांची बाग वरच्या अंगाला. आपली झाडं भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडा, असं त्यांना सांगितलं गेलं. तिथं खालच्या माणसाला पाणी हवं होतं, आमच्या काकूंना नको होतं, एवढाच फरक. दोन्हीकडे वरच्याच्या हातात पाट.

पुन्हा वही काढली. कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर आमच्या प्लॉटवर सव्वादोन लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं ८२ हजार नुसतं छपरावर. छपराचं पाणी पाइपानं हौदात घेतलं. धुणं आणि झाडं त्यावर भागतात, हौद भरला की सांडवा बाजूच्या गटारीला. मागच्या कुंपणाची भिंत भरीव न ठेवता तिच्यात दर चार-पाच फुटांवर पाइपाचे तुकडे बसवले आणि मागं खडी भरली. भिंतीमागं पाणी साचलं की त्याच्या दाबानंच ती फुगते. पण त्या पाइपांतलं पाणी पुन्हा काकूंकडेच! म्हणून भिंतीच्या खालच्या अंगाला, आपल्याच हद्दीत, एक चर काढून तोही बाजूच्या गटारीला जोडला. त्यासाठी भिंत दोन फूट आत घ्यावी लागली. दोन फूट गुणिले ४०, म्हणजे ८० चौरस फूट जागा गेली. हे अजून अधूनमधून तो आकडा काढतात.

मागची गॅलरीही बदलली. प्लॅनमध्ये ती उघडी होती, पश्चिमेचा वारा आणि सूर्यास्त बघायला. स्लॅब पडल्यावर तिथं उभी राहिले तर थेट काकूंची न्हाणी दिसली. आम्ही पडदा पडदा म्हणतो तो रस्त्यावरून आमच्या घरात कुणी बघू नये म्हणून. खाली बघणाऱ्या आपल्या डोळ्यांचा विचार प्लॅनमध्ये कुठंच नव्हता. कठडा पाच फुटी केला आणि वर सिमेंटची जाळी. सूर्यास्त आता जाळीतून चौकोन चौकोन दिसतो. पश्चिमेचा पाऊस मात्र जाळीतूनही आत येतोच, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

घरात राहायला येऊन दुसरा पावसाळा. खालचे कॉलम अजून उघडे, मुलं तिथं क्रिकेट खेळतात. पावसाची सर आली की अम्मी खुर्ची जाळीपाशी ओढतात आणि नातवाला चराचं तोंड पानांनी तुंबलंय का बघायला पिटाळतात. परवा त्यानं वरूनच बघून “काही नाही” असं ओरडून सांगितलं. तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला, “खोटं बोलतोय ओ अम्मी, शेवग्याचा पाला अडकलाय. मी काढते, थांबा.”