फुफूचे चार गुंठे

आमच्या ओटीवरून पूर्वी समुद्र दिसत नसे. तो फक्त ऐकू येई. श्रीवर्धनला वाडीत राहणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. घर आणि किनारा यांच्यामध्ये पोफळी आणि माड इतके दाट उभे असत, की भर दुपारी अंगणात कवडसे मोजावेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा होता. रमजान ईद होऊन नऊच दिवस झाले होते. त्यात कोरोनाची टाळेबंदी. ईदची नमाजही घरातच झाली होती. संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही दार उघडले, तर समोर समुद्र. अम्मी कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हा इतका जवळ होता काय?"

घराचे अर्धे पत्रे उडाले होते. वाडीतल्या दोनशे पोफळींपैकी साठएक उभ्या होत्या, त्याही वाकलेल्या. बावीस माडांपैकी तेरा शिल्लक. वीज यायला महिना उलटून गेला. ते हाल सगळ्या किनाऱ्याने भोगले, त्यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्या उघड्या पडलेल्या समुद्राबद्दल आणि आमच्या फुफूबद्दल.

वाडी बारा गुंठ्यांची. दादांच्या मागे सातबाऱ्यावर दोन नावे लागली, आमच्या वालिदांचे आणि त्यांच्या बहिणीचे, म्हणजे फुफूचे. शरीयतप्रमाणे भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. बारातले चार गुंठे फुफूचे. पण वाडीत कुणी गुंठे मोजत नसे. वाडी मोजायची ती झाडांनी. फुफूचे लग्न म्हसळ्याला झाले. तिचा वाटा दरवर्षी नारळाच्या गोणीतून आणि सुपारीच्या पैशातून तिच्या घरी जाई. असोली सुपारी उन्हात वाळून संघाला गेली, की वालिद स्वतः एस.टी.ने म्हसळ्याला जात. ते गेल्यावर आम्ही जाऊ लागलो. फुफू गोणी रिकामी करी, धुऊन वाळवून घडी घाली आणि पुढच्या वर्षासाठी परत देई. हाच आमच्या घरचा वाटपाचा दस्त होता.

वादळाने झाडे पाडली आणि मोजणीची ही रीतच मोडून टाकली. सरकारी मदत जाहीर झाली ती हेक्टरी. बागायतीला पूर्वी हेक्टरी अठरा हजार होते, त्याचे पन्नास हजार केले. आकडा मोठा वाटतो. पण हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, आणि आमच्याकडच्या वाड्या पाच, दहा, बारा गुंठ्यांच्या. आम्ही उर्दू शाळेत गणित शिकवतो, हिशेब करायला वेळ लागला नाही. सहा हजार रुपये. पडलेली झाडे करवतीने तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त गेले. त्या सहा हजारांतले दोन हजार फुफूचे होते, हे मात्र त्या वेळी आमच्या मनातही आले नाही. पूर्णांक-अपूर्णांकातल्या अपूर्णांकाला उर्दूत 'कसर' म्हणतात. दरवर्षी फळ्यावर हा शब्द लिहितो. घरातली कसर दिसली नाही.

पोफळ पुन्हा लावायची तर धरायला सहा-सात वर्षे. शिवाय कोवळ्या रोपाला सावली लागते, आणि सावली देणारेच आडवे झालेले. आधी केळी लावायची, तिच्या आडोशाने रोप जगवायचे. तोवर घरावर पत्रे कुठून आणायचे? पत्र्यांना तेव्हा सोन्याचा भाव आला होता. कुणाची आखातातली नोकरी सुटलेली, कुणाचा मुलगा अर्ध्या पगारावर. अशा वेळी पावसाळा सरता सरता जमिनीची माणसे गावात फिरू लागली.

ती सगळी परकी होती असे म्हणायला आम्हाला आवडले असते. पण आमच्या दारी आला तो आमचाच विद्यार्थी. दुबईहून परतलेला, हाताला काम नाही, म्हणून मुंबईच्या एका पार्टीसाठी जागा दाखवत होता. ओटीवर बसून त्याने मोबाइलवर समुद्राचा फोटो काढला आणि म्हणाला, "सर, आता तुमची वाडी सी-व्ह्यू झाली."

हा शब्द पुढे चार वर्षे आम्ही ऐकत आलो. म्हणजे झाडे पडल्याने वाडी बुडाली आणि तीच झाडे पडल्याने जमीन वर आली. ज्याला शेतकरी असल्याचा दाखला नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून बिनशेतीची चौकशी होऊ लागली. समुद्राच्या भरतीरेषेपासून अंतर मोजले जाऊ लागले. शेजारची वाडी सर्वांत आधी गेली. विकणाऱ्याला आम्ही बोल लावत नाही, त्याच्या घरात आजारी माणूस होते. आमच्यात शेजाऱ्याला आधी विचारावे असे सांगितले आहे, आणि तो आमच्यातला नसूनही विचारायला आला होता. आमच्याकडेच पैसे नव्हते. नव्या मालकाने चिऱ्याची भिंत घातली. तिच्याखाली दोन्ही वाड्यांना विहिरीचे पाणी देणारा पाट बुजला, आणि किनाऱ्याकडे उतरणारी पाखाडी अर्ध्यावर थांबली.

आमच्या वाडीला गुंठ्याला सव्वा लाख सांगितले गेले. विद्यार्थी म्हणाला, "सर, पार्टी तयार आहे, फक्त सातबाऱ्यावर नावे कमी असली तर बरे." कुवेतहून भाईजानचा फोन आला, "फुफूकडून हक्कसोड करून घे. आता तिथे आहे काय? झाडे तर गेली." आम्ही हो म्हटले. लहान भाऊ म्हणून म्हटले, की डोक्यावरचा निळा प्लास्टिकचा कागद फडफडत होता म्हणून, हे आज सांगता येत नाही. जानेवारी 2021 मध्ये मसुदा घेऊन म्हसळ्याला गेलो.

फुफूने पहिला प्रश्न विचारला तो झाडांचा. "किती झाडां ऱ्हायली?" आम्ही सांगितले. तिने एकेका माडाची चौकशी केली. विहिरीजवळचा? गेला. तिच्या जन्माच्या वेळी लावलेला? तो आहे. मग म्हणाली, "तं माझा वाटा कंचा आता? आण कागद."

फुफूला मराठी वाचता येत नाही. तिचे उर्दू चौथीपर्यंतचे. कागद आम्हीच वाचून दाखवला. 'कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी व नात्यापोटी, स्वखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय.' प्रत्येक शब्दाचा अर्थ नीट समजावून दिला, अगदी वर्गात समजावतो तसा. गुंठ्याचा भाव मात्र सांगितला नाही. कागदात तो लिहिलेला नव्हता. चार दिवसांनी दुय्यम निबंधकांकडे तिने उर्दूत सही केली. परतताना आमच्यासाठी खजूर घेऊन दिले.

पुढे दुसरी लाट आली आणि ती पार्टी नाहीशी झाली. मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून पुढे गेले, जाता जाता आणखी दोन माड पाडून. पत्रे शेवटी आम्ही पतपेढीच्या कर्जातून घातले. वाडीत केळी लावल्या, त्यांच्या सावलीत रोठ्याची रोपे. जमीन विकली गेली नाही, पण फेरफार मंजूर झाला आणि फुफूचे नाव गेले ते गेलेच.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आले. विद्यार्थी पुन्हा आला, या वेळी स्वतःच्या गाडीतून. गुंठ्याला चार लाख. आता सातबारा स्वच्छ आहे म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द ऐकताना आम्हाला म्हसळ्याची ती खोली आठवली. रात्री वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. चार गुंठे, सोळा लाख. शाळेत मुलांना फराइजची उदाहरणे देताना आम्ही बहिणीचा हिस्सा कधी चुकवला नव्हता.

भाईजानला फोन केला. तो म्हणाला, कायद्याने झालेले आहे, तिने खुशीने दिले आहे, तू उगाच कुरेदू नकोस. त्याच्या मुलीची फी भरायची आहे, तेही खरे. अम्मी एवढेच म्हणाली, "तुमचे वालिद गोणी घेऊन जायचे."

या वर्षी उरलेल्या माडांचे नारळ गोणीत भरून आम्ही म्हसळ्याला गेलो. फुफूला आता ऐकू कमी येते, त्यामुळे भाव मोठ्याने सांगावा लागला. शेजारच्या खोलीतल्या सुनेनेही ऐकला. फुफू गप्प राहिली. मग विचारले, "तवा किती होता?"

"सव्वा लाख."

"तवा सांगतलास नाय."

आम्ही मान खाली घातली. थोड्या वेळाने तिने विचारले, की कागद उलटा फिरतो काय. आम्ही म्हटले, तोच कागद फिरत नाही, हिब्याचा नवा करावा लागतो. त्यावर अम्मीची, आमची आणि भाईजानची सही लागेल, मुद्रांकाचा खर्च वेगळा. भाईजानचे मुखत्यारपत्र कुवेतच्या वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवे. तिने सगळे ऐकून घेतले आणि नारळ मोजायला बसली.

मुखत्यारपत्राचा नमुना आम्ही भाईजानला पाठवला आहे. त्याने तो पाहिल्याचे मोबाइलवर दिसते. विद्यार्थ्याचा दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर फोन येतो, त्याला आम्ही थांब म्हणून सांगितले आहे. त्या दिवशी निघताना फुफूने दोरीवरची गोणी काढली, नीट घडी घातली आणि आमच्या हातात दिली.