माश्या मारण्याचा धंदा

बँकेतला कारकून दिवसभर माश्या मारतो, असा बिलोलीत सार्वत्रिक समज आहे. तो खोटा आहे. चार वाजेपर्यंत तर अजिबात वेळ मिळत नाही. पण माश्यांवर आयुष्य घालवणारी खरी विद्वान माणसं जगात आहेत, हे मला भाचीने सांगितलं. तिला एम. एस्सी.नंतर फळमाश्यांवरच संशोधन करायचंय.

फळमाशी म्हणजे अर्धापूरची केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंगावतं ते चिलट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींनी ह्या चिलटांवर मोठं काम केलं. उष्मा वाढला की लुळ्या पडणाऱ्या आणि गारवा मिळताच उठून बसणाऱ्या माश्यांवर त्यांनी सीमोर बेन्झर यांच्याबरोबर १९७६ साली निबंध लिहिला. (मे महिन्यात असले नमुने आमच्या गल्लीत घरोघर मिळतील.)

भाचीचा जीव मात्र 'माय-९' नावाच्या जनुकावर. मी पडलो बी. कॉम., म्हणून तिने माझ्या भाषेत समजावलं. "मामा, डीएनए म्हणजे तुमची दुहेरी नोंद. एका बाजूची नोंद खराब झाली की तेवढा तुकडा कापायचा आणि समोरची बाजू बघून नवा लिहायचा." हा कापणारा कारकून 'माय-९'च्या हुकमाने तयार होतो. त्याच्याकडे दुसरंही काउंटर आहे. अंडं तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात, तिथेही कात्री ह्याचीच. जनुक बिघडलं की दोन्ही काउंटरं बसतात. दुरुस्ती थांबते, देवाणघेवाण एक दशांशावर येते, आणि एखाद्या अंड्यात एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती तर दुसऱ्यात एकही नाही. एका गिऱ्हाइकाला दोन पासबुकं, दुसऱ्याला ठणठणपाळ!

नर माशीत मात्र ही देवाणघेवाण मुळातच होत नाही. हे १९१२ साली मॉर्गनच्या ध्यानात आलं. आमच्या सौ.ना ह्याचं काडीचंही नवल वाटलं नाही.

अडलं ते आमच्या दाजींपाशी. पोरीने बी. एड. करून गावातल्या शाळेत लागावं, हा त्यांचा हट्ट. "माश्यांची दुरुस्ती करून कुणाचं भलं होणार?" ते कडाडले. आक्का पदराने डोळे पुसत होती. भाची शांतपणे म्हणाली, "बाबा, हेच जनुक माणसातही आहे. ते बिघडलं तर झेरोडर्मा पिगमेंटोझम नावाचा आजार होऊ शकतो. उन्हाने डीएनएला झालेली इजा भरून येत नाही, कातडीचा कॅन्सर होतो. अशी लेकरं दिवसा अंगणात खेळू शकत नाहीत."

बाहेर बिलोलीचं ऊन रणरणत होतं. दाजी बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

"त्या माश्यांना खायला काय घालतात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मक्याचं पीठ, साखर, यीस्ट."

"आणि तुला?"

"होस्टेलची मेस आहे."

"हं," दाजी म्हणाले, आणि आक्काला लाडवांची तयारी करायला सांगितली.