बदलीचा हुकूम

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीच्या सभागृहात योगवर्ग चालू असता, एका वृद्ध गृहस्थांनी रबरी चटईऐवजी अंथरलेल्या घोंगडीवर खिडकीतून पावसाची झड आली, आणि ओल्या लोकरीचा व तीत मुरलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस दर्प नाकात शिरताच, "श्वासाकडे लक्ष द्या, वर्तमानक्षणात राहा" या शिक्षिकेच्या मंजुळ आज्ञेचा सपशेल अवमान करून माझे चित्त मेढ्याच्या भाड्याच्या घरात जाऊन बसले.

वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांचे बालपण आटपाडीचे, म्हणजे औंध संस्थानातले, आणि त्या मुलुखात सूर्यनमस्कार ही ऐच्छिक बाब नव्हती. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत, शाळांतून घालवून घेत, आणि 1938 मध्ये त्यांचे त्या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला. दोहोंचा परस्परसंबंध काय असेल तो असो, वडील ती दोन्ही कृत्ये एकाच दमात सांगत.

पहाटे ओसरीवर घोंगडी, उशाशी दोन वाट्या. मित्र, रवि, सूर्य, भानु अशी नावे पुटपुटत ते एकेक नमस्कार घालीत आणि प्रत्येक नमस्काराअंती एक चिंचोका भरल्या वाटीतून रित्या वाटीत जाई. दहिवडीस असताना एका सकाळी शिपाई बदलीचा हुकूम घेऊन आला. वडिलांचे तळवे जमिनीला टेकलेले होते. "ठेव तिथं," एवढेच ते म्हणाले. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली, तिने कागद वाचला, 'मेढा' हे नाव दोनदा वाचले, आणि आत गेली. वाटीत चिंचोका पडल्याचा आवाज ठरल्या अंतराने येतच राहिला.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी तपासण्याचा उद्योग आरंभिला होता. तसले एखादे यंत्र त्या सकाळी आमच्या घरी असते, तर ते ओसरीवर लावावे की स्वयंपाकघरात, हा प्रश्न मला आजही पडतो. वर्तमानक्षणाच्या माहात्म्याविषयी माझ्या मनात जी अढी आहे ती तेव्हाची: वर्तमान सगळा वडिलांकडे, आणि लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधणे, दूधवाल्याचा हिशेब मिटविणे, माझा शाळेचा दाखला काढणे, हा भविष्यकाळ बिनबोभाट आईच्या खाती जमा. तरीही, मेढ्याच्या पावसात ती घोंगडी महिनोन्‌महिने सुकली नाही, तेव्हा त्या दमट, वासमाऱ्या लोकरीला कपाळ टेकणाऱ्या वडिलांच्या मुद्रेइतकी निवांत मुद्रा मी पुढे कोणत्याही साधकाची पाहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सेवानिवृत्तीनंतर एक गोष्ट हळूहळू उघडकीस आली. बदलीच्या गावांपैकी वडिलांना जवळजवळ काहीच आठवत नव्हते. आईला मात्र प्रत्येक घराचे भाडे, विहिरीच्या पाण्याची चव, शेजारणीच्या मुली कुठे दिल्या, सारे दप्तर मुखोद्गत. ती सांगू लागली की वडील परक्याचा संसार ऐकावा तशा कुतूहलाने ऐकत, आणि मध्येच विचारीत, "अगं, पण हे सगळं झालं केव्हा?"

"तुमचे नमस्कार चालले होते तेव्हा," आई म्हणे, आणि पुढच्या गावाला लागे.