घराजवळची राजधानी

नकाशात लांबलांबची गावं शोधायची मला भारी हौस. एकदा आजोबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "पॅराग्वेची राजधानी आसुन्सिऑन. १५३७ साली नदीकाठी वसली!" आजोबा म्हणाले, "वा! आणि आपल्या देवरूखजवळची, नदीकाठचीच जुनी राजधानी पाहिलीस का?" मी गप्प!

ती म्हणजे कसबा संगमेश्वर. कर्ण नावाच्या चालुक्य राजाची ही राजधानी, असं पूर्वापार सांगतात. आजोबा दर सुट्टीत म्हणायचे, "चल, दाखवतो." माझं आपलं, "पुढच्या रविवारी." मग त्यांचे गुडघे धरले आणि तो रविवार राहूनच गेला.

शेवटी एकटाच एसटीने गेलो. कर्णेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, आत कसा गारवा! नक्षी बघता बघता मान अवघडली. जवळच अलकनंदा शास्त्री नदीला मिळते. पूर्वी जयगडच्या खाडीतून गलबतं वर येत असत, पण नदीत गाळ साचला.

आणि बरं का, याच कसब्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने छापा घातला. छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले, म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. पुस्तकात वाचताना हे सगळं कुठेतरी लांब घडलंय असंच वाटायचं. माझ्या घरापासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर!

संध्याकाळी आजोबांना सगळं सांगितलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं, मग हळूच विचारलं, "देवळाचे खांब मोजलेस?"

नव्हते मोजले. तुम्ही गेलात तर मोजा हं. मी तर येत्या रविवारी जातोच आहे, आजोबांसाठी रिक्षा ठरवून.